विमानाचा दीड तास

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची तयारी सुरू झाली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतोच. नागपूरहून विमान दीड तासात मुंबईला जातं, मग रात्रभर रेल्वेत कशाला बसायचं? या खेपेला आम्ही वहीवर हिशेबच मांडला.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. रेल्वेनं तेच ८३७ भरतं. विमान वर गेल्यावर तासाला आठशे किलोमीटरच्या आसपास पळतं. म्हणजे तासाच्या आतच पोचायला हवं, नाही का? पण धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं यात वेळ जातो. शिवाय मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. गर्दी झाली की विमानाला आकाशातच घिरट्या घालत थांबावं लागतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो, म्हणून परतीला थोडा कमी वेळ लागतो.

आता आपलं पाहू. आपण वर्ध्याकडच्या. मुंबई पश्चिमेला, आणि विमानासाठी आधी ७५ किलोमीटर उलटं पूर्वेला, सोनेगावला जायचं! गावातून ऑटो, पुढे बस, असे अडीच तास धरा. उड्डाणाच्या दोन तास आधी तिथं हजर राहायचं. मग तो दीड तास. उतरल्यावर सामान मिळेपर्यंत पाऊण तास, वांद्र्याच्या मैदानापर्यंत आणखी पाऊण तास. झाले साडेसात तास. तेही सगळे जागेपणीचे.

रेल्वेला बारा-तेरा तास लागतात खरे, पण ती वर्ध्यालाच मिळते आणि रात्र झोपेत जाते. मालाचंही पाहावं लागतं. साध्या विमान तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान नेता येतं. मिरचीपूड हातातल्या पिशवीत चालत नाही. वायगावच्या हळदीची पोती घेऊन कुठं निघणार?

म्हणून आम्ही दोघी माल घेऊन रेल्वेनं जाणार. तिसऱ्या ताईचं बाळ दहा महिन्यांचं, अंगावर पितं. रेल्वेनं गेली तर तिच्या तीन रात्री घराबाहेर जातात, विमानानं एकच. तिच्यासाठी गटानं तिकीट काढायचं ठरवलं. दोघींना हा खर्च पटला नाही, त्यावर बरीच बोलाचाली झाली. आम्हाला तो योग्यच वाटतो, कारण हळदीचं गिऱ्हाईक तिच्याइतकं कुणालाच सांभाळता येत नाही.

तिच्या घरी मात्र वेगळंच झालं. “दीड तासाचा तर प्रवास, संध्याकाळच्या धारेला येशील ना?” असं घरच्यांनी विचारलं. तेव्हा आम्ही वही घेऊन तिच्या सासूबाईंकडे गेलो आणि साडेसात तास एकेक करून वाचून दाखवले. दोन दिवस धारा त्या स्वतः काढणार आहेत.

तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. आता नवी मुंबईलाही विमानतळ झालाय, तिथून वांद्रे बरंच लांब पडतं. परतीचं विमान रात्रीचं असलं तर सोनेगावहून गावाकडे बस मिळेलच असं नाही. न्यायला कोण येणार, ते पैसे भरण्याआधीच ठरवा.