बोल्टची पकड आणि सुटका

१९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी एक विलक्षण द्रव सिद्ध केला. हवेत तो पातळ राहतो. परंतु बोल्टच्या आट्यांत, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, धातूच्या स्पर्शाने घट्ट होतो. 'लॉकटाइट' या नावाने तो पुढे प्रसिद्धीस आला.

१९५९ साली व्होल्वो पेंटाने स्टर्नड्राइव्ह बाजारात आणला. यात इंजिन नौकेच्या आत असते; पंखा फिरविणारी दातेरी चाके मागे, पाण्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात असतात. हेच कवच वळून सुकाणूचेही काम करते. त्याचे बोल्ट भर समुद्रात ढिले झाले, तर नौकेची गती आणि दिशा दोन्ही हरपतात.

या बोल्टांना शत्रू दोन. एक इंजिनाचा कंप. दुसरा खारे पाणी, ज्याच्या संगतीने पोलादी बोल्टभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि बोल्ट जागीच जखडतो. कंपासाठी लॉकटाइटसारखा द्रव, पाण्यासाठी न सुकणारे सागरी सीलंट, अशी ही वाटणी आहे. दोन्ही एकाच आट्यावर लावणे व्यर्थ. तेलकट आट्यावर तो द्रव धरत नाही.

लाल जातीचा द्रव अधिक बळकट, म्हणून त्याचा मोह पडतो. मात्र तो सोडविण्यास सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि शेजारचे रबर तेवढी सोसत नाही. निळा साध्या पान्याने सुटतो. कवच देखभालीसाठी पुन्हा उतरवावयाचेच असते. म्हणून जाणता कारागीर प्रथम निर्मात्याची पुस्तिका पाहतो, आणि बोल्ट आवळतानाच तो सोडविण्याचा दिवस ध्यानात ठेवतो.