मोतद्दाराचं गाणं



ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग तुम्ही बाहेरून पाहिला असेल. तो मुळात किल्ला. 1816 साली दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथे इंग्रजांच्या कैदेत होता. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा त्याच्यावर आरोप. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा गोऱ्यांचा ठेवला, आणि तिथेच फसगत झाली. एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाऊ लागला. पहारेकऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. गाण्यात होता पळून जायचा बेत! 12 सप्टेंबरच्या रात्री कैदी भिंतीच्या भगदाडातून पसार झाला.

याच त्र्यंबकजीवर ना. सं. इनामदारांनी 1963 साली ‘झेप’ ही कादंबरी लिहिली. समजा, उद्या हा प्रसंग तुम्ही लिहायला बसलात. आधी पंचांग मांडा. ती रात्र भाद्रपद वद्यातली, म्हणजे दिवेलागणीनंतरचं चांदणं बाद. आगपेटीही बाद, चकमक झाडा. कल्याणहून निरोप्या आणायचा तर आगगाडी नाही. ती ठाण्याला 1853 साली आली, कल्याणला 1854 साली. तेव्हा त्याला खाडीतून होडीनं आणा, आणि भरतीची वेळ पाहूनच आणा.

आता गाणं. पुढे पुन्हा पकडला जाऊन चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या त्र्यंबकजीला 1824 साली पाहणाऱ्या बिशप हीबरनं ही हकीकत नोंदवली. पण गाणं दिलं इंग्रजी पद्यात. मराठी शब्द आपणच रचायचे. इथे कल्पनेला मोकळं रान आहे असं वाटतं, पण तसं नाही. गाणं मोतद्दाराच्या तोंडी शोभायला हवं, खराऱ्याच्या हातासरशी चालायला हवं, कैद्याला उमगायला हवं आणि इतरांना साधंच वाटायला हवं. इतक्या अटी कागदांनीच घातल्यात.

आणि प्रस्तावनेत सांगून टाका की गाणं माझं आहे. नाहीतर काय होतं, हे कल्याणकरांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला मानानं परत पाठवल्याच्या गोष्टीला समकालीन कागदाचा आधार नाही, तरी ती इतिहास म्हणूनच सांगितली जाते.

एक मात्र सांभाळा. गाणं फार सुबक करू नका. तसा मोतद्दार गायला लागला, तर मराठी न कळणारा गोरासुद्धा वळून बघेल.