क्लचपर्यंतची वाट



गाडीचा क्लच बदलून आणला की बिल बघून आपण कपाळाला हात लावतो. नीट वाचलं तर क्लच प्लेटची किंमत त्यात बेताचीच असते. बिल फुगतं ते मजुरीनं. ही मजुरी नेमकी कसली, ते आज पाहू. उदाहरणाला गाडी घेऊ माझदा एमएक्स-५. दोन सीटची, उघड्या छताची ही जपानी स्पोर्ट्स कार १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ब्रिटन-अमेरिकेतली हौशी मंडळी घराच्या दारातच हिचा क्लच बदलतात.

आधी एक खातरजमा. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतंच ओरडतं आणि वेग वाढत नाही, तर प्लेट झिजली. पण क्लचचं पेडल जमिनीला टेकतंय आणि गिअर पडत नाही, तर घाई करू नका. या गाडीत गिअरबॉक्सला बाहेरून दोन बोल्टवर बसवलेला, पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर असतो, तो गळणं हे जुनंच दुखणं आहे. तो बदलून काम भागत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा खटाटोप कशाला?

प्लेट खरंच गेली असेल, तर मात्र सुटका नाही. क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध, तेव्हा दोघांची फारकत करावीच लागते. ती कशी करायची, हे गाडी आखणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ब्रिटिश एमजीबीमध्ये क्लचसाठी अख्खं इंजिन वर उचलून काढतात. तिच्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरचा गिअरबॉक्स सीट काढून चक्क गाडीच्या आतून, दारातून बाहेर येतो! पोर्श ९४४ मध्ये क्लच पुढे इंजिनाशी, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांमध्ये लांबलचक नळी. म्हणजे मागून सुरुवात करून पुढे यायचं. मला विचाराल तर तिथं गॅरेजवाल्याचे पैसे मुकाट्यानं द्यावेत.

त्या मानानं माझदा सोपी. गिअरबॉक्स खालून उतरतो. त्याआधी सायलेन्सरचा पाइप, प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवायची. सगळ्यात छळतात ते वरच्या बाजूचे बोल्ट. ते दिसत नाहीत, हात पोचत नाही. पान्याला लांब एक्स्टेन्शन लावून मागून, अंदाजानं गाठायचे. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. चारी बाजूंना भक्कम स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नये.

गिअरबॉक्स बाजूला झाला की क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, आलटून-पालटून ढिले करायचे. हातात येते ती जुनी प्लेट: १.६ लिटरच्या इंजिनाला २०० मिलिमीटर व्यासाची. तिची धूळ हवेनं उडवू नका. जुन्या प्लेटांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

आता खरं कसब. नवी प्लेट इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये नुसती दाबलेली असते. बोल्ट आवळताना ती केसभर जरी खाली सरकली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांतून पार होऊन पलीकडच्या लहानशा बेअरिंगमध्ये शिरत नाही. म्हणून प्लास्टिकचा खोटा शाफ्ट आत घालून प्लेट मध्यावर धरतात, मग बोल्ट आवळतात. क्लचच्या किटसोबत येणारा हा स्वस्तातला तुकडा दिवस वाचवतो. आणि गिअरबॉक्स परत चढवताना त्याचा भार त्याच्या शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, नाहीतर कोरी प्लेट वाकते.

एवढं उघडलंच आहे, तर रिलीज बेअरिंग, ते लहान बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील यांच्यावर कंजुषी करू नये. सील नंतर गळलं, तर नव्या प्लेटवर तेल आणि पुन्हा हीच सगळी कसरत.

गिअर ऑइल बदलायचं असेल, तर जुनं सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तेल सोडायचा खालचा बोल्ट तुम्ही आधीच उघडला असेल, तर गाडी स्टँडवरून हलायची नाही.