तारीख कोणाची?



माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची तारीख घरात पंचांग, नवऱ्याचे मार्चअखेरचे काम आणि आईची रजा पाहून ठरली. पहिले सिझर, म्हणून दुसरेही सिझरच, हे गृहीतच धरलेले. मला जेमतेम 37 आठवडे भरले होते. घाई करण्यासारखे काहीच नव्हते. बाळाला धाप लागली, तीन दिवस ते काचेच्या पेटीत होते. 39 आठवड्यांआधी ठरवून केलेल्या सिझरमध्ये हा धोका वाढतो, हे मला नंतर कळले.

तारीख ठरवून घेणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. मोठ्या मुलाला बघायला घरी कोणी नसेल, तर ती काय करणार? 2017च्या दुरुस्तीने दोन अपत्यांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. पण घरकामगार, शेतमजूर बायका तिच्या बाहेरच राहिल्या. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणे सिझरची होती, सरकारीतली 14.3 टक्के. एवढा फरक नुसता बायकांच्या शरीरातला नसणार.

म्हणून प्रत्येकीने विचारायला हवे : हीच तारीख का? थांबले तर काय होईल? पोट माझे आहे, तर पहिल्यांदा मला विचारा.