धातूचा हिशेब जीवाणू चुकता करीत नाहीत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कारखान्यांच्या सांडपाण्यातील विषारी धातू खाऊन टाकणारे जीवाणू शास्त्रज्ञांना सापडले आहेत, तेव्हा प्रदूषणाविरुद्धची आंदोलने आता कालबाह्य झाली, असा युक्तिवाद ऐकू येतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. जीवशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु जमाखर्च मांडण्याची सवय आयुष्यभर जडल्यामुळे या युक्तिवादातील एक नोंद मला खटकते.

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जीवाणू खरोखरच खातात. तिचे वायू आणि पाणी होते. धातूचे तसे नाही. जस्त, क्रोमियम, शिसे ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही सजीव त्यांचा नाश करू शकत नाही. जीवाणू धातूला आपल्या पेशींवर धरून ठेवतात अथवा त्याचे रूप पालटतात. पाण्यात विरघळणारे, अत्यंत विषारी षट्संयुजी क्रोमियम त्यांच्या क्रियेने त्रिसंयुजी होते व बहुतांशी गाळात बसते. विषाची धार बोथट होते, हे खरे. पण धातूचे वजन गुंजभरही घटत नाही. मग तो धातू जातो कोणाकडे? अर्थशास्त्राचा प्रश्न येथे सुरू होतो.

त्याची दोन उत्तरे पाहू. हॉलंडमधील बुडेल येथे 1892 पासून जस्ताचा कारखाना आहे. पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या कचऱ्यामुळे तेथील भूजलात जस्त आणि सल्फेट उतरले. 1992 मध्ये तेथे जीवाणूंचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. हवेविना जगणारे हे जीवाणू मद्यार्कावर पोसले जातात व सल्फेटचे सल्फाइड करतात. सल्फाइडशी संयोग होताच जस्त साक्याच्या रूपाने पाण्याबाहेर पडते. हा साका म्हणजे जस्ताच्या खनिजातले मुख्य संयुगच होय. म्हणून तो कच्चा माल म्हणून त्याच कारखान्यात परत जातो. ज्याचा धातू, त्याच्या दारी.

दुसरे उत्तर आपल्या देशातले. कानपूरच्या जाजमऊ भागात कातडी कमावण्याचे शेकडो कारखाने उभे राहिले. गंगा कृती योजनेखाली, डच सरकारच्याच साहाय्याने, 1994 मध्ये तेथे रोज 3 कोटी 60 लाख लिटर पाणी शुद्ध करणारे केंद्र सुरू झाले. 90 लाख लिटर कारखान्यांचे, उरलेले शहराच्या मैल्याचे. तेथेही हवेविना जगणारे जीवाणूच राबत होते. पण त्यांच्याकडे काम होते सेंद्रिय घाणीचे. क्रोमियम कारखान्यातच वेगळे काढायचे, अशी अपेक्षा होती. ती पुरेशी पाळली गेली नाही. परिणामी क्रोमियम गाळात उतरले, आणि शुद्ध म्हणून सोडलेल्या पाण्याबरोबर आसपासच्या गावांच्या शेतांतही गेले. नफा चामड्याच्या व्यापाऱ्याचा, धातू शेतकऱ्याच्या मातीत!

दोन्हीकडे जीवाणू आपापल्या धर्माने वागले. फरक पडला तो माणसांच्या व्यवस्थेत. एकीकडे धातू निर्माण करणाऱ्याकडे परतला, दुसरीकडे दुर्बलाच्या माथी मारला गेला.

याच कानपूरच्या कारखान्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये एक मौलिक तत्त्व सांगितले. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जसा जगण्याचा हक्क नाही, तसाच प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करू न शकणाऱ्या चर्मोद्योगालाही नाही. पाण्याचा खर्च न्यायालयाने वेतनाच्या पंक्तीला बसविला. आपण समाजवाद्यांनी हे वाक्य घोषणेप्रमाणे पाठ करावयास हवे.

मात्र एक सावधगिरी बाळगू या. कारखान्याला टाळे लागले की पहिली उपासमार होते ती कातडी कमावणाऱ्या दलित आणि मुसलमान कामगाराची. मालक अन्यत्र भांडवल गुंतवितो. म्हणून ‘बंद करा’ एवढीच मागणी अपुरी आहे. शुद्धीकरणाचा खर्च मालकाच्या नफ्यातून यावा, टाळेबंदीच्या काळातले वेतन कामगाराला मिळावे, आणि बिघडलेल्या जमिनीची भरपाई शेतकऱ्याला मिळावी, या तिन्ही मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. अन्यथा कामगार आणि शेतकरी एकमेकांविरुद्ध उभे राहतील आणि मालक दुरून पाहील.

तुमच्या जिल्ह्यात जीवाणूंच्या शुद्धीकरण केंद्राचे उद्‌घाटन होईल तेव्हा त्याला विरोध करू नका. विज्ञान आपले शत्रू नव्हे. फक्त तीन प्रश्न विचारा. कारखान्यात किती धातू आला? मालातून किती बाहेर गेला? उरलेला कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.