बर्फातली खेचरे
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



तैलरंगात बर्फाचे चित्र कसे काढतात ते सांगा, असे मला मंडळाने फर्मावले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान कसे द्यावे हे मला ठाऊक नाही. पण एखादा पदार्थ कसा केला ते आपण एकमेकींना ओट्यापाशी उभ्या राहून सांगतो, तसे सांगेन. समोर ठेवलेले चित्र माझे आहे. दीड फूट उंच, दोन फूट रुंद. डोंगरातली वाट, सकाळची वेळ, आणि बर्फातून ओझे घेऊन चाललेली तीन खेचरे.

"बर्फ तुम्ही कधी पाहिलात?" असे मला निदान दहा जणींनी विचारले. नाही पाहिला. आपल्या साताऱ्याकडे फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव गोठते, आणि त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. पण माझा धाकटा मुलगा वर्षातले सहा-सात महिने बर्फात काढतो. फौजेत जाणे आपल्या भागात काही नवे नाही, तेव्हा त्याचे कौतुक सांगत नाही. त्याच्या पलटणीत खेचरे आहेत. जिथे गाडी जात नाही तिथे पीठ, तांदूळ, रॉकेल, औषधे त्यांच्या पाठीवरून वर चढतात, आणि ती चालवण्याचे काम त्याच्याकडे आहे. तिथले फोटो पाठवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी चित्र काढायचे ठरवले.

आपल्या गल्लीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर मंडळाच्या खोलीत मंगळवारी दुपारी आम्हा चौघीजणींना शिकवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न केला. म्हणाले, "वहिनी, पांढऱ्या धोतराला तुम्ही नीळ का घालता?" मी म्हटले, पांढरे दिसावे म्हणून. "मग बर्फही तसाच काढायचा," ते म्हणाले. बायांनो, हे एवढे जिला कळले तिला अर्धे चित्र आले. पूर्वी पुडीत मिळणारी नीळ आणि रंगाच्या नळीतला अल्ट्रामरीन निळा हे मुळात एकच द्रव्य आहे. उन्हातल्या बर्फावर किंचित पिवळसर झाक असते. पण सावलीत सूर्य पोचत नाही, तिथे फक्त वरच्या आभाळाचा उजेड पडतो, आणि आभाळ निळे, म्हणून सावली निळी. खोटे वाटत असेल तर उद्या सकाळी गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला आणि तिच्या चुणीत बघा. नुसता पांढरा रंग फासला तर बर्फ दिसत नाही, चुना दिसतो. आपल्या कॅलेंडरांवर तसले बर्फ पुष्कळ असतात.

मास्तरांकडे चित्रांचे एक मोठे पुस्तक आहे. त्यात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे, १८६८-६९ च्या हिवाळ्यात केलेले चित्र आहे. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडीत, एत्रेता गावाजवळ ते काढले. सव्वाचार फूट रुंद, सुमारे तीन फूट उंच. बर्फात बुडालेले एक कुडाचे कुंपण, त्याला लाकडी फाटक, आणि फाटकावर मॅगपाय नावाचा एकच पक्षी बसलेला. पक्षी कावळ्याच्या जातीचा, पण आपल्या दयाळासारखा काळा-पांढरा. कुंपणाच्या सावल्या आपल्या अंगावर येतात, आणि त्या सरळ सरळ निळ्या आहेत! १८६९ साली पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात हे चित्र नाकारले गेले. आज ते पॅरिसलाच ओर्से संग्रहालयात आहे. मी ते पान कितीदा उघडले याची गणती नाही. एवढ्या पांढऱ्यात त्या मुठीएवढ्या काळ्या ठिपक्याने जीव आणला आहे. पक्ष्यावर बोट ठेवून झाका, की सारे चित्र थिजते.

त्याच पुस्तकात ब्रूगेल नावाच्या चित्रकाराचे १५६५ सालचे चित्र आहे. ते ओकच्या फळीवर केलेले असून आता व्हिएन्नाला आहे. शिकारी आणि त्यांची कुत्री बर्फातून घरी परततात. मिळाला आहे एकच कोल्हा. माना खाली घातलेली ती कुत्री पाहिली की त्यांनी दिवसभर काय सोसले ते निराळे सांगावे लागत नाही. जनावर थकले की ते मानेवरून कळते, हे मी तिथून उचलले.

आता कृती. तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. हे जवस म्हणजे आपल्या चटणीचेच. शेंगदाण्याचे तेल कधी वाळत नाही, जवसाचे वाळते. तेही उडून जात नाही, हवा शोषून आपोआप घट्ट होते. म्हणून पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ द्यायचा आणि वरचे हात तेलकट, जाड. उलट केले तर खालचा थर ओला राहतो, वरचा आधी आवळतो, आणि चित्राला भेगा पडतात. मी कॅनव्हासवर आधी तपकिरी रंगाचा पातळ हात दिला. पांढऱ्या पाटीवर पांढरे काय दिसणार? मग डोंगर, मग सावल्या, मग खेचरे, आणि उन्हातला बर्फ सर्वांत शेवटी, पातळ सुरीने, लोणी लावावे तसा.

खेचराला काळा रंग वापरला नाही. करपट तपकिरी आणि तीच नीळ एकत्र केली की जो गडद रंग होतो त्यात ऊब असते. बाप गाढव आणि आई घोडी, तेव्हा कान घोड्यापेक्षा लांब, डोके जड. खूर मात्र काढायचेच नाहीत. पाय बर्फात जिथे शिरतो तिथे संपवायचा आणि बुडाशी निळ्या सावलीचा एक फटकारा द्यायचा. मग जनावर बर्फावर चिकटवल्यासारखे न दिसता बर्फात चालू लागते.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलाचा फोन येतो तेव्हा, "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास?" "जेवलो." एवढ्यावर संपायचे. फौजेतल्या मुलांच्या आया बसल्या आहेत, त्यांना सांगायला नको. पण चित्र सुरू झाल्यावर माझे प्रश्न बदलले. खेचरांवर ऊन कोणत्या बाजूने येते? तो म्हणाला, "आई, ऊन यायच्या आत आम्ही निघतो." म्हणजे तो किती वाजता उठतो ते मला कळले. पाठीवर पडलेला बर्फ वितळतो का? "नाही, केस इतके दाट असतात की अंगाची ऊब वर येत नाही, झाडावा लागतो." कशाने झाडतोस? "हाताने." हातमोज्याने की उघड्या हाताने, हे मी विचारले, आणि तो थोडा वेळ गप्प बसला. मग बोटे बधिर होतात ते बोलला, नाकातून निघालेली वाफ ओठाभोवतीच्या केसांवर गोठते ते बोलला, वाट चुकली तर आपण खेचराच्या मागे जातो तेही बोलला. वर्षभरात त्याने सांगितले नव्हते इतके त्या एका चित्राने बोलवले. ह्यांनाही मी पडद्याआड रडते की रंगवते असे वाटे. आता तेच फोनपाशी बसून, "ओझ्याच्या दोऱ्या कशा बांधतात ते विचार," म्हणतात.

दिवाळीनंतर तो रजेवर आला. बूट काढायच्या आधी चित्रापुढे उभा राहिला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "मधल्याला तोबरा बांध, आई. तो चालता चालता खातो, त्याला सवय आहे." आम्ही तोबरा काढला. त्या खेचराला नाव आहे हेही तेव्हा कळले, पण ते पलटणीतले. इथे सांगत नाही.

पुण्याला १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाच्या संचलनात चार पायांची यंत्रे चालली. पुढे खेचरांच्या जागी ती येणार म्हणतात. मुलांचे कष्ट आणि मुक्या जिवांचे हाल वाचणार असतील तर यावीत. तोबरा मात्र त्यांना लागायचा नाही.

ज्यांना मंगळवारी यायचे आहे त्यांना एक ताकीद. रंग पुसलेल्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि दाबलेला बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन गॅसपासून लांब, आणि खिडकी उघडी.

चित्र अर्ध्या तासासाठी खाली टेबलावर ठेवते. जवळून बघा, पण बोट लावू नका. तोबऱ्याच्या वरचा बर्फ जाड आहे, तो अजून आतून ओला आहे. वॉर्निशचा हात पुढच्या हिवाळ्यात द्यायचा, तो रजेवर आला म्हणजे.