सामाईक प्रयोगशाळेचे दार



हळदीचा हंगाम नुकताच आटोपत आला आहे. हळद काढावयाची, शिजवावयाची, वाळवावयाची आणि मग वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात आणावयाची, हे आपल्या जिल्ह्याला सांगावयास नको. परंतु हळद शिजवण्याचा बॉयलर प्रत्येक शेतकरी विकत घेतो काय? दोन एकरवाल्याने तो घेतला, तर वर्षातले बहुतेक दिवस तो दारात उभाच राहील. म्हणून एकच बॉयलर पाळीपाळीने या शेतातून त्या शेतात जातो. ज्ञानाच्या शेतातही अशी एक रीत पडली आहे. तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाचा एक केस सुमारे 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. आपल्या खिशातल्या मोबाइलच्या चिपवर जे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, त्यांचे भाग याच मापाने मोजावे लागतात. ते हाताने कोरता येत नाहीत. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने बदलणारा लेप देतात, नक्षीतून त्यावर प्रकाश टाकतात, लेप धुतात आणि उघडा पडलेला भाग रसायनाने किंवा वायूने कोरतात. हा लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो, म्हणून त्या खोलीत पिवळेच दिवे असतात.

या कामाचा खरा वैरी म्हणजे धूळ. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा कणही चकतीवर बसला तर ती वाया जाऊ शकते. म्हणून हवा सतत गाळून घेतात. ‘शंभर’ वर्गाच्या स्वच्छ कक्षात एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरांहून अधिक चालत नाहीत. हवा गाळणारी यंत्रे, काम असो वा नसो, रात्रंदिवस चालवावी लागतात. एकेक उपकरण कोट्यवधी रुपयांचे. प्रत्येक महाविद्यालयाने असा कक्ष बांधावा म्हणणे म्हणजे प्रत्येक घराने आपले धरण बांधावे म्हणण्यासारखे आहे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठामध्ये 1977 साली अशी राष्ट्रीय सामाईक प्रयोगशाळा निघाली. आपल्याकडे पवईची आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे 2006 साली शासकीय साहाय्याने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहू लागली. 2008 पासून ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम’ या योजनेखाली त्यांची दारे बाहेरच्या संशोधकांनाही उघडली. पुढे दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटी येथील आय.आय.टी. तीत आल्या. प्रस्ताव पाठवावयाचा, प्रशिक्षण घ्यावयाचे आणि मंजूर झालेले काम तेथे जाऊन करावयाचे, अशी ही व्यवस्था.

सामाईक वस्तूला शिस्त लागते. घामातल्या मिठाचा सोडियम चिपच्या पातळ थरात शिरला, तर ट्रान्झिस्टर ठरलेल्या दाबावर चालू होईनासा होतो. सोन्याला आपण शुभ मानतो; पण सिलिकॉनच्या भट्टीत सोन्याचा अंश गेला, तर त्यानंतर तेथे येणाऱ्या प्रत्येकाची चकती बिघडण्याचा धोका असतो. म्हणून सोने लागलेल्या चकत्यांची उपकरणेच वेगळी ठेवतात. एकाचा निष्काळजीपणा सर्वांच्या पदरी पडतो, हे सामाईक विहिरीवर पाणी भरलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

येथपर्यंत सारे चांगलेच आहे. परंतु एक प्रश्न राहतो, आणि तो सांगण्यासाठीच मी उभा आहे. दार उघडे असणे वेगळे आणि आत पाऊल टाकता येणे वेगळे. कल्पना करा, आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीला पाण्यातले विषारी द्रव्य ओळखणारा लहानसा संवेदक बनवावयाचा आहे. तिला ही योजना ठाऊक हवी. महाविद्यालयाने रजा द्यावयास हवी. रात्रभराच्या प्रवासाचे आणि मुंबईत राहण्याचे पैसे हवेत. एवढे जमले आणि ती पवईला पोहोचली. चार दिवसांची वेळ मिळाली आणि तिसऱ्या दिवशी चकती बिघडली. आता काय? तेथल्या वसतिगृहातला विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चकती घेऊन येतो. आमची मुलगी मात्र परतीच्या गाडीत बसते.

या कामात पहिलीच चकती क्वचित साधते. चुकत चुकतच ते शिकावे लागते. तेव्हा यंत्र वाटून घेतले, पण चूक सुधारण्याची संधी वाटली नाही, तर ती वाटणी अपुरीच म्हणावी लागेल. लांबून येणाऱ्याला वेळ देताना दुसऱ्या प्रयत्नाचीही वेळ त्यातच धरलेली असावी. आणि आपल्या महाविद्यालयांनीही एका शिक्षकाला तरी प्रशिक्षणाला पाठवून ती विद्या येथे आणावी, म्हणजे विद्यार्थी अर्धे काम शिकूनच गाडीत बसतील.

हे बोलणे हिंगोलीत विशेष शोभते. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी करण्यास केंद्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या. तेही उपकरण कोणा एकाचे नव्हे; जगभरच्या शास्त्रज्ञांचे आहे. उद्या जग आपल्या दारी येईल, तेव्हा आपली मुले फाटकाबाहेर उभी राहून पाहणार, की आत जाऊन काम करणार?

बॉयलर गावात आला, पण शेवटच्या शेतात पोहोचेपर्यंत अवकाळी पाऊस आला, तर त्या शेतकऱ्याला गावात बॉयलर होता याचे समाधान काय? पाळी शेवटच्या शेतापर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.